संस्थापक सध्या ध्येय शोधत आहेत

पहाटे पाच वाजता नशिराबादेत जागी असणारी माणसं मोजकीच, पण सगळी कामाची. दूधवाले, भुसावळला ड्यूटीवर निघालेले रेल्वेचे कामगार, अजान देणारे, काकडआरतीला निघालेले दोन-चार म्हातारे आणि कुणावर तरी भुंकायचंच असा निश्चय करून बसलेली कुत्री. अलीकडे या मंडळींत एका नवउद्योजकाची भर पडली आहे. बाकीच्यांना उठल्यावर काय करायचं ते ठाऊक असतं. हे आज काय करायचं ते ठरवण्यासाठी उठतात.

यांचं नाव छापण्यात अर्थ नाही, कारण हे एक गृहस्थ नव्हेतच. नशिराबाद, साकेगाव, सावदा, फैजपूर इथल्या आठ-दहा जणांची मोट बांधून तयार केलेली ही एक मूर्ती आहे. कुणाला त्यात आपला मेहुणा दिसला, तर तो मेहुण्याचा दोष. व्हिजिटिंग कार्डावर ‘संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी’ असं छापलेलं असल्यामुळे आपणही त्यांना संस्थापकच म्हणू. संस्था व्हायची आहे, पण संस्थापक तयार आहेत.

पाचला उठण्याचा नाद कॅनडाच्या रॉबिन शर्मांचा. 2018 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात पहाटेच्या पहिल्या तासाचे वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे सांगितले आहेत: आधी घाम गाळायचा, मग चिंतन, मग ज्ञानवृद्धी. संस्थापकांनी अंगणात घाम गाळायला सुरुवात केली, तेव्हा ओसरीवर झोपलेल्या अण्णांनी बॅटरी मारली.

“कोन हाये रे?”

“मी आहे, अण्णा.”

“पोट बिघडलं का?”

“नाही. यशाची तयारी करतोय.”

“मंग लाईट बंद करून कर. बिल येतं.”

पुढची वीस मिनिटं चिंतनाची होती. ते डोळे मिटून करायचं असल्यामुळे घोरण्यापर्यंत गेलं. ज्ञानवृद्धीसाठी मोबाइल उघडला, तर त्यात एका माणसाने पहाटे चारला उठण्याचे फायदे सांगितले होते, त्यामुळे संस्थापकांना दिवसाच्या सुरुवातीलाच उशीर झाल्यासारखं वाटलं. साडेसहापर्यंत ते इतके दमले की पुन्हा आडवे झाले आणि नऊला उठले. पूर्वी, म्हणजे ध्येय नसताना, ते सातला उठत असत.

या बाबतीत त्यांचे पूर्वज थोर आहेत. फिलाडेल्फियाचे मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात आपल्या दिवसाचं कोष्टकच दिलं आहे. पाचला उठायचं, आज कोणतं सत्कार्य करायचं हा प्रश्न स्वतःला विचारायचा आणि रात्री त्याचा हिशेब घ्यायचा. ते कोष्टक जगभर भिंतींवर चिकटवलं जातं. त्याच आत्मचरित्रात फ्रँकलिननी आणखी एक कबुली दिली आहे, ती मात्र कुणी चिकटवत नाही. सगळ्या गुणांमध्ये व्यवस्थितपणानेच आपल्याला सर्वांत जास्त छळलं. धंदा करणाऱ्याला लोक त्यांच्या सोयीने भेटायला येतात, तिथे वेळापत्रक कसलं पाळणार, असं ते म्हणतात. फिलाडेल्फियातसुद्धा पाहुणे फोन न करता येत होते तर.

धंदा कोणता, याबद्दल मात्र शंका नव्हती. जळगाव जिल्ह्यात ज्याची नोकरी सुटते किंवा लागतच नाही, त्याच्या मनात पहिला विचार केळीच्या वेफर्सचा येतो. कारणही तसंच आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीशिवाय नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2020 मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना काढली तेव्हा ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या रकान्यात जळगावपुढे केळीच लिहिली. प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान. संस्थापकांनी ‘35 टक्के अनुदान’ एवढंच वाचलं. उरलेले 65 टक्के कुणाचे, हा भाग त्यांना नकारात्मक विचारसरणीचा वाटला.

घराजवळून जाणाऱ्या महामार्गाचाही त्यांनी अभ्यास केला. त्याचं एक टोक सुरतेजवळच्या हजिऱ्याला, दुसरं ओडिशातल्या पारादीप बंदराला. म्हणजे निर्यातीला दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा. माल तेवढा बाकी होता.

मालाच्या आधी कागद झाले. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी ही सरकारने नवउद्योजकाला दिलेली सर्वांत सुखद भेट. ऑनलाइन, फुकट, आधार क्रमांक टाकायचा आणि माहिती आपणच द्यायची. काही मिनिटांत संस्थापक अधिकृतपणे सूक्ष्म उद्योग झाले. प्रमाणपत्राची फ्रेम केली, हार घातला, पेढे वाटले. त्या कंपनीतून बाहेर पडलेलं पहिलं उत्पादन पेढे हेच होय, आणि त्याला मागणीही चांगली होती.

कर्जासाठी बँकेत गेले, तर तिथे मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला ‘शिशु’ म्हणतात असं कळलं. त्यापुढे ‘किशोर’, मग ‘तरुण’. संस्थापकांचं वय छत्तीस, मोठी मुलगी पाचवीत, कानावरचे केस पांढरे. पण अर्जावर शिशु.

“कोटेशन आणलंय?” साहेबांनी विचारलं.

“व्हिजन आणलंय,” शिशू म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कोटेशन घेऊन या म्हणाले.

कोटेशन आणायला वेळ नव्हता, कारण लोगो चालू होता. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज गृहस्थांनी 1955 साली ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये एक थट्टेखोर लेख लिहून सिद्धान्त मांडला की जेवढा वेळ उपलब्ध असेल तेवढं काम फुगतं. त्यांनी उदाहरण दिलं ते भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवणाऱ्या म्हातारीचं. त्या म्हातारीने निदान संध्याकाळी कार्ड पेटीत टाकलं. लोगोतलं केळं डावीकडे वाकलेलं असावं की उजवीकडे, यावर आपल्या संस्थापकांचा पूर्ण श्रावण गेला. डावीकडे वाकलेलं केळं नाराज दिसतं असं मेहुण्याचं मत पडलं. उजवीकडे वाकवलं तर चंद्रकोर दिसायला लागली आणि एका हितचिंतकाने ते कोणत्या पक्षाचं चिन्ह आहे असं विचारलं. शेवटी केळं उभं केलं. आता ती मिरची दिसते.

मग टमाट्याचं प्रकरण आलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याला अभ्यासात लक्ष लागेना, म्हणून त्याने स्वयंपाकघरातलं टमाट्याच्या आकाराचं घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. आज जगभर लोक त्या टमाट्याच्या धाकात काम करतात. संस्थापकांनीही तसलंच घड्याळ ऑनलाइन मागवलं. ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा आईने धावत जाऊन गॅस बंद केला. त्या दिवशीची डाळ कच्ची राहिली.

“टमाटं वाजतं काबरं?” आईने विचारलं.

“आई, माझी पंचवीस मिनिटं झाली.”

“कशाची?”

या प्रश्नाचं उत्तर यायच्या आत विश्रांतीची पाच मिनिटं सुरू झाली होती.

बिचाऱ्या चिरिलोला खानदेशातला पाहुणा ठाऊक नव्हता. हा पाहुणा ‘येऊ का’ असं विचारत नाही. तो आलेला असतो. दारावर संस्थापकांनी ‘एकाग्रता चालू आहे, व्यत्यय आणू नये’ अशी पाटी लावली, तर गल्लीत कुणाची तरी तब्येत बिघडल्याची बातमी पसरून विचारपूस करायला सात जण आले. त्यातले एक नाना थेट आत येऊन खुर्चीत बसले.

“काय करू ऱ्हायला भो?”

“एकाग्र होऊन काम करतोय, नाना.”

“मंग चालू दे. मी बसतो.”

आणि नाना खरोखरच बसले, संस्थापक एकाग्र कसे होतात ते पाहत. मधे एकदा चहा झाला. जाताना म्हणाले, “चांगलं ऱ्हायतं, पण तू काहीच करत नव्हता.”

पुढे चार चौकटींचा तक्ता आला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने तो ओळखला जातो, आणि स्टीफन कव्हींच्या 1989 च्या पुस्तकामुळे घरोघरी पोचला. कामं चार भागांत वाटायची: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, वगैरे. आयझेनहॉवरनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवल्या हे मान्य. पण लग्नसराईत नशिराबादेत राहून दाखवलं नाही. साल्याच्या साडूच्या मुलीची हळद, वरच्या गल्लीतला दहावा, तरसोदच्या गणपतीला चतुर्थीला पायी जाणं, टोलनाक्यापाशी बंद पडलेली आतेभावाची गाडी, हे सगळं पहिल्या चौकटीत गेलं. चौकट पुरेना, म्हणून कागदाला खालून दुसरा कागद चिकटवला. चौथ्या चौकटीत, म्हणजे तातडीचंही नाही आणि महत्त्वाचंही नाही अशा ठिकाणी, एकच काम उरलं: ‘केळी तळणे’.

केळीला हा तक्ता कुणी दाखवला नाही. कच्च्या केळीत स्टार्च असतो, ती पिकायला लागली की त्याची साखर होते. साखर झालेलं केळं कढईत टाकलं की वेफर कुरकुरीत व्हायच्या आत काळा पडतो आणि मऊच राहतो. एवढं ज्ञान रावेरकडच्या दहा वर्षांच्या पोरालाही असतं. त्यात महिना मे, आणि भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे. संस्थापकांनी आणलेले घड हळदीपासून दहाव्यापर्यंत खोलीत वाट पाहत राहिले आणि मग त्यांनी वाट पाहणं सोडलं. पहिल्या घाण्यातून निघालेल्या वस्तूला वेफर म्हणणं कठीण होतं. अण्णांनी एक तुकडा तोंडात टाकून बराच वेळ चघळला आणि “टायर कुठल्या कंपनीचा?” असं विचारलं. घरात आठवडाभर दोन्ही वेळा शिकरण झालं. पाचवीतल्या मुलीने निबंधात ‘माझे वडील केळीवर फार प्रेम करतात’ असं लिहिलं.

अपयशातून शिकावं, असं सांगणारे लोक अपयशाच्या जवळच उभे असतात. जळगावातल्या एका हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात तसं दिवसभराचं शिबिर होतं. फी आगाऊ, चहा-नाश्ता समाविष्ट. टाय लावलेल्या मार्गदर्शकांनी निदान केलं की चूक केळीत नाही, ‘पर्पज’मध्ये आहे. मग पडद्यावर एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं आली: तुम्हाला काय आवडतं, काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि कशाचे पैसे मिळतील. चारही जिथे एकत्र येतात तिथे तुमचं ‘इकिगाई’, जपानी आजोबांचं दीर्घायुष्याचं गुपित.

त्या वर्तुळांची गंमत अशी की ती जपानची नाहीतच. आंद्रेस झुझुनागा नावाच्या स्पॅनिश ज्योतिषाने जीवनातल्या उद्दिष्टाबद्दल ती आकृती काढली होती. 2014 साली मार्क विन नावाच्या इंग्रज माणसाने मधलं एक नाव पुसून तिथे ‘इकिगाई’ लिहिलं, आणि आकृती जपानी झाली. ओकिनावातल्या ओगिमी गावचे नव्वदीतले म्हातारे, ज्यांच्यावरून 2016 चं गाजलेलं पुस्तक लिहिलं गेलं, ते परसात भाजीपाला लावतात आणि शेजाऱ्यांशी गप्पा मारतात. म्हणजे आपल्याकडे जे ज्योतिषाला कुंडली दाखवून होतं, तेच वातानुकूलित सभागृहात फी भरून झालं. फक्त ज्योतिषी स्पॅनिश.

संस्थापकांनी वर्तुळं भरली. आवडतं काय: शेवभाजी. जमतं काय: समजावून सांगणं. जगाला गरज कशाची: वेळेवर पाऊस. पैसे कशाचे मिळतात: अजून नाहीत. चारींच्या मधे बरीच जागा रिकामी उरली, तिथे त्यांनी लोगो काढला. घरी आल्यावर ओगिमीच्या म्हाताऱ्यांची हकीकत अण्णांना सांगितली.

“ते म्हातारे रोज शेतात जातात म्हणतो?”

“हो अण्णा.”

“मीबी जातो. तू कधी जाशील?”

प्रस्तुत लेखकाचं यावर एक मत आहे, आणि हा लेख लिहायला बसण्याआधी त्यानेही टेबल दोनदा पुसलेलं असल्यामुळे ते जरा दबक्या आवाजात आहे. खानदेशात धंदा केलेल्या माणसांनी वर्तुळं काढल्याचं कुठे आढळत नाही. जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या भवरलाल जैनांनी वकिलीची पदवी घेतली आणि 1963 मध्ये जळगावात घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेल विकायला घेतलं. रॉकेल हे कुणाच्या आवडीच्या वर्तुळात बसत असेल असं वाटत नाही. 1978 साली त्यांनी केळी पावडरचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि त्यात केळी सोडून पपईच्या चिकापासून पपेन काढलं. 1980 मध्ये पीव्हीसी पाइप आले, आणि ज्या ठिबक सिंचनामुळे त्यांचं नाव शेतकऱ्यांच्या घरात गेलं ते त्याच्याही नंतर. तोवर रॉकेलला वीसेक वर्षं होऊन गेली होती.

अमळनेरच्या प्रतापशेठांनी आधी कापडाची गिरणी काढली आणि मग 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर. आयुष्याचा अर्थ शोधायला त्यांनी स्वतंत्र इमारत दिली, विद्वान नेमले आणि गिरणीचा भोंगा वेळेवर वाजत ठेवला. त्याच अमळनेरात 29 डिसेंबर 1945 रोजी वनस्पती तूप काढणारी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ स्थापन झाली. 1966 मध्ये वडील गेले म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून तिच्या कारभारात आले. तिचीच पुढे विप्रो झाली. तुपाच्या डब्यातून कॉम्प्युटर निघायला तीस-पस्तीस वर्षं गेली. आणि त्या काळात अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी शेअर घेऊन ट्रंकेत ठेवले आणि विकायचं राहून गेलं, ती कोट्यधीश झाली. एका पै-पाहुण्याच्या लग्नाला न जाता, पाचला न उठता, एकही टमाटं न वाजवता! उत्पादकतेवरच्या पुस्तकांत विसराळूपणावर प्रकरण का नसतं, कळत नाही.

राहता राहिली एकाग्रता. तिचाही विक्रम अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या माणसाच्या नावावर आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहून काढली. नाशिकच्या तुरुंगात. तिथे आतेभावाची गाडी बंद पडत नाही.

ही सगळी उदाहरणं संस्थापकांना ऐकवली, तेव्हा त्यांनी ती हिरव्या शाईने वहीत उतरवली आणि खाली निष्कर्ष लिहिला: ‘तुरुंगाचा पर्याय तपासणे.’

थंडीत भरीत पार्ट्या सुरू झाल्या. बामणोदकडची मोठी हिरवी वांगी शेतातच कपाशीच्या काड्यांवर भाजून कुटलेली, वर कच्चं तेल, सोबत कळण्याची भाकरी. संस्थापक यांना संपर्कवृद्धीच्या बैठका म्हणतात. या बैठकांत त्यांना गुंतवणूकदार मिळाला नाही, पण तीन जणांनी त्यांच्याकडे वेफर्स मागितले. सावद्याला राहिलेली काकू तेव्हा घरी आली होती. घरात पडलेली कढई, तेल आणि त्याच दिवशी कापलेला कच्चा घड पाहून तिने पदर खोचला. किसणी थेट कढईवर धरली, चकत्या तेलात पडल्या, अर्ध्या तळल्या गेल्यावर मिठाचं पाणी सोडलं, तेल खवळलं आणि निवलं. आवाज थांबला तसा झारा आत गेला. संस्थापक टमाटं घेऊन शेजारी उभे होते. पंचवीस मिनिटांची खूण व्हायच्या आत दोन किलो माल परातीत होता.

“काकू, यामागे तुमचं ध्येय काय?” त्यांनी वही उघडली.

“तेल तापलंय तोवर एवढे होऊ दे.”

“नाही, म्हणजे आयुष्याचं.”

“बाजूला हो भाऊ, अंगावर उडेल.”

काकूला ‘प्रमुख, उत्पादन विभाग’ हे पद देण्यात आलं. तिने पद नको, पंधरा किलोचा तेलाचा डबा दे असं सांगितलं. डबा आला, मग घड आले, मग नाना बसून बसून कंटाळले आणि पाकिटं सील करायला लागले. वेफर्स विकले जातात. संस्थापक बिलं लिहितात, स्कूटरवरून माल पोचवतात आणि कोटेशनही घेऊन आले आहेत. बँकेतले साहेब दुसरे आले, त्यांना आता व्हिजन हवं आहे. पहाटेचं उठणं चालू आहे, ध्येयाचा शोधही चालू आहे, पण सकाळी आठला घड उतरवायचे असतात म्हणून तो आठवड्यातून एकदाच, अमावास्या आणि लग्नतिथी सोडून.

ताजे वेफर्स हवे असतील तर संध्याकाळी पाचनंतर जा. मीठ जास्त वाटलं तर काकूला सांगा, ती पुढच्या घाण्यात कमी करेल. संस्थापकांना सांगू नका. ते तुमची प्रतिक्रिया चार चौकटींत टाकतील.